फेस अंगावर किती वेळ राहतो?

त्वचेचा दाह शमवणारे एखादे मलम खरोखर काम करते का, हे तपासायचे तर आधी दाह निर्माण करावा लागतो. जगभरच्या त्वचारोग प्रयोगशाळांत त्यासाठी ठरलेला पदार्थ म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट. त्याचे सौम्य द्रावण स्वयंसेवकाच्या हातावर पट्टीखाली चोवीस तास ठेवले, की कातडी लाल होते, कोरडी पडते आणि त्या जागेतून शरीरातले पाणी नेहमीपेक्षा वेगाने हवेत उडू लागते. हा वेग यंत्राने मोजता येतो. परिणाम हमखास होतो आणि काही दिवसांत ओसरतो, म्हणून संशोधकांनी या पदार्थाला दाहाचे प्रमाण मानले. आणि हाच पदार्थ आपण सकाळी दात घासताना तोंडात घेतो, त्याने केस धुतो, त्याच्या भाऊबंदांनी हात धुतो.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा एकमेकींशी मेळ घालता आला नाही, की वाद सुरू होतो. पहिली ज्यांच्या कानावर पडते त्यांना शाम्पूची बाटली विषाची वाटू लागते. दुसरी ज्यांच्या अंगवळणी पडली आहे ते प्रत्येक शंका उडवून लावतात. मधल्या जागेत व्यापार शिरतो, बाटलीवर ‘सल्फेट-मुक्त’ असा ठसा येतो आणि किंमत चढते. आमच्या मते बाटलीत हा पदार्थ आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. तो किती आहे, कोणाच्या सोबतीने आहे, अंगावर किती वेळ राहतो आणि ते अंग कोणाचे आहे, हे विचारायला हवे. तसे विचारू लागलो, की या फेसाचा खरा त्रास ज्यांना होतो त्यांचे नावही या चर्चेत निघत नाही, हेही ध्यानात येते.

पदार्थाची ओळख आधी करून घेऊ. खोबरेल तेलात आणि पामच्या बियांच्या तेलात लॉरिक आम्ल भरपूर असते. ती बारा कार्बन अणूंची सरळ साखळी. तिच्यापासून लॉरिल अल्कोहोल बनते, त्यावर सल्फर ट्रायऑक्साइडची प्रक्रिया होते आणि शेवटी कॉस्टिक सोड्याने आम्लता मोडली, की हा पदार्थ तयार होतो. खनिज तेलापासूनही तोच रेणू बनवता येतो, आणि एकदा बनल्यावर त्याचे मूळ नारळात होते की तेलविहिरीत, हे त्वचेला कळत नाही. रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेते, बारा कार्बनचे शेपूट पाण्यापासून पळते आणि तेलात शिरू पाहते. असे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर दाटीवाटीने उभे राहिले, की पृष्ठताण जवळजवळ निम्म्यावर येतो. पाणी पसरू लागते, भिजवू लागते, हवा कोंडून फेस धरते. पृष्ठभागावर जागा उरली नाही, की बाकीचे रेणू पाण्यातच गोळा होतात, शेपटे आत आणि डोकी बाहेर अशा रचनेत. या सूक्ष्म गोळ्यांना मायसेल म्हणतात. केसांतले तेल आणि मळ त्यांच्या पोटात जातो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. अशा पदार्थांचे सामुदायिक नाव सर्फॅक्टंट. साबण हाही सर्फॅक्टंटच.

साबण असताना याची गरज का पडली, याचे उत्तर पाण्यात आहे. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. शाळेत दुष्फेन पाणी म्हणून शिकवतात ते हेच. साबणाचा या क्षारांशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट थर तयार होतो. तो बादलीच्या कडेला बसतो तसा केसांवरही बसतो. लातूर-सोलापूरकडे बोअरच्या पाण्याने न्हाणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. साबणाने धुतलेले केस राठ होतात, कंगव्याला पांढरा चिकटा येतो, हे तिने रोज पाहिलेले असते. लॉरिल सल्फेटच्या कुळाला हे क्षार साबणाइतके छळत नाहीत. जर्मनीत पहिल्या महायुद्धातल्या चरबीच्या टंचाईने कृत्रिम अपमार्जकांच्या शोधाला चालना मिळाली होती. तिथे १९३२ मध्ये ‘फेवा’, अमेरिकेत १९३३ मध्ये ‘ड्रेफ्ट’ ही धुण्याची पावडर आणि १९३४ मध्ये ‘ड्रीन’ हा शाम्पू बाजारात आला. आपल्याकडे शाम्पू खेड्यापाड्यांत पोचला तो पुडीतून. तामिळनाडूतल्या कडलूरच्या लघुउद्योजकांनी ही वाट पाडली आणि ऐंशीच्या दशकात ती देशभर रुळली.

महाराष्ट्राला हा उद्योग परका नाही. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत तेले, तेलरसायने आणि सर्फॅक्टंट यांचा स्वतंत्र विभाग आहे. १९८० मध्ये सुरू झालेली आणि नवी मुंबईत मुख्यालय असलेली गॅलेक्सी सर्फॅक्टंट्स ही कंपनी तारापूर आणि तळोजा इथल्या कारखान्यांतून हेच पदार्थ देशोदेशीच्या शाम्पू-टूथपेस्ट उत्पादकांना पुरवते.

फेसाबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. भरपूर फेस म्हणजे भरपूर स्वच्छता, असे नाही. मळ काढतात मायसेल. फेस हा त्याच रेणूंचा दुसरा उद्योग. रात्री खोबरेल तेल चोपडलेल्या केसांना सकाळी पहिल्यांदा शाम्पू लावला तर फेस जेमतेम होतो, कारण तेल फेस मोडते आणि रेणू तेलाला धरण्यात गुंतलेले असतात. दुसऱ्यांदा लावल्यावर फेस उसळतो, तेव्हा मळ बहुतेक निघून गेलेला असतो. पहिल्या वेळी फेस आला नाही म्हणून ओंजळभर शाम्पू ओतणे हा पैशांचा आणि डोक्याच्या कातडीचा दोन्हींचा तोटा. समोरून कपडे घालायच्या वॉशिंग मशीनच्या पावडरी मुद्दाम कमी फेसाच्या बनवतात आणि कपडे तरीही स्वच्छ निघतात. फेसाचा उपयोग नाही असे मात्र म्हणता येणार नाही. पदार्थ कुठे लागला आणि कुठे राहिला ते फेसामुळे दिसते, तो चोळता येतो आणि केसांत टिकतो. मागणी फेसाला आहे हे उत्पादकांना ठाऊक आहे, म्हणून काही वेळा फेस सफाईच्या गरजेपेक्षा जास्त ठेवला जातो.

आता त्वचेकडे येऊ. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रथिने वेगळी करण्याची एक पद्धत रोज वापरली जाते. तिचे आजचे रूप लेमली यांनी १९७० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. त्या पद्धतीत हेच लॉरिल सल्फेट असते, कारण प्रथिनाला चिकटून त्याच्या घड्या उलगडण्यात याचा हात धरणारा दुसरा पदार्थ मिळणे कठीण. प्रयोगशाळेत जो गुण, तोच कातडीवर दोष ठरू शकतो. त्वचेचा सर्वांत वरचा थर केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचा असतो आणि त्या पेशींना स्निग्ध द्रव्यांनी जोडलेले असते. लॉरिल सल्फेट केराटिनला चिकटते, तो थर फुगवते, स्निग्ध द्रव्यांची मांडणी विस्कटते. बांध ढिला झाला, की आतले पाणी बाहेर जाते आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरायला वाट मिळते. हे सगळे होते, पण त्याला वेळ लागतो. शाम्पू डोक्यावर मिनिटभर असतो, मग त्यावर तांब्यामागून तांब्या पाणी पडते.

अमेरिकेतल्या प्रसाधन घटकांच्या तज्ज्ञ समितीने १९८३ मध्ये दिलेला निष्कर्ष म्हणूनच आजही उपयोगाचा वाटतो. थोडा वेळ वापरून नीट धुऊन टाकायच्या उत्पादनांत हा पदार्थ सुरक्षित. त्वचेवर दीर्घकाळ राहणाऱ्या उत्पादनांत त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या वर नको. शाम्पूत सर्फॅक्टंटचे एकूण प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे वाहून जाणारे दहा टक्के चालतात आणि मुक्कामाला राहणारे एक टक्क्याच्या वर गेले, की संशयास्पद ठरतात.

ही कल्पना केवळ कागदावरची नाही, हे ब्रिटनने अनुभवले. तिथे ‘अॅक्वियस क्रीम’ नावाचे एक स्वस्त मलम आहे. कोरड्या त्वचेसाठी, विशेषतः इसब झालेल्या मुलांसाठी, डॉक्टर ते पिढ्यान्‌पिढ्या लिहून देत आले. तेल आणि पाणी एकजीव राहावे म्हणून त्यात लॉरिल सल्फेट असे, जेमतेम एक टक्का. बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले, की निरोगी माणसांनी हे मलम चार आठवडे लावल्यावर त्वचेचा वरचा थर दहा टक्क्यांहून अधिक पातळ झाला. २०१३ मध्ये तिथल्या औषध नियामकाने इशारा दिला, की इसब असलेल्यांना, त्यातही मुलांना, हे मलम लावून ठेवल्याने आग होऊ शकते, खाज सुटू शकते. ज्या मलमाने बरे वाटायचे त्याच्या आधाराला ठेवलेला घटकच कातडी झिजवत होता, आणि तोही इतक्या थोड्या प्रमाणात की घटकांच्या यादीत नजर त्यावर ठरू नये. युरोपात आता लावायच्या औषधांत हा घटक असेल तर जळजळ होऊ शकते, अशी सूचना माहितीपत्रकात द्यावी लागते. आपल्याकडे सल्फेटची भीती शाम्पूला चिकटली आहे. रात्रभर अंगावर राहणाऱ्या मलमाच्या नळीकडे कोणी वळूनही पाहत नाही.

कर्करोगाच्या अफवेला मात्र काहीही आधार नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ई-मेलमधून ही गोष्ट पसरली आणि तेव्हापासून ती भाषा बदलत फिरते आहे. आता ती मराठीत, मोबाइलवर, लाल अक्षरांत येते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या कर्करोगकारकांच्या यादीत सोडियम लॉरिल सल्फेट नाही. शरीरात गेलेला थोडासा अंश यकृतात मोडतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. अमेरिकी अन्न नियमांत अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्या बलकात दहा लाखांत हजार भाग एवढ्या प्रमाणात तो मिसळायची परवानगी आहे, कारण त्याने बलक चांगला फुगतो. गोळ्यांच्या आणि कॅप्सूलच्या कारखान्यांतही तो वापरतात.

अफवेत खऱ्याचा एक कण आहे, आणि तो झाकण्याचे कारण नाही. शाम्पूत बहुधा लॉरिल सल्फेटपेक्षा त्याचे सौम्य भावंड, सोडियम लॉरेथ सल्फेट, जास्त असते. लॉरिल अल्कोहोलला इथिलीन ऑक्साइड जोडून मग सल्फेट बनवले, की रेणूचे डोके मोठे होते आणि त्वचेला तो कमी बोचतो. पण या जोडणीत १,४-डायऑक्सेन नावाचा पदार्थ अत्यल्प प्रमाणात उपजतो. तो कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे, असे त्याच कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण सांगते. निर्वात यंत्रणेतून माल फिरवला तर तो बराचसा काढून टाकता येतो; प्रश्न उत्पादक ते कष्ट घेतो का, एवढाच. युरोपच्या वैज्ञानिक समितीने दहा लाखांत दहा भागांपर्यंतचा अंश सुरक्षित मानला. न्यूयॉर्क राज्याने आणखी पुढे जाऊन अंग धुण्याच्या आणि घर धुण्याच्या उत्पादनांसाठी २०२३ च्या अखेरीपासून दहा लाखांत एक भाग ही मर्यादा घातली. तिथे कायदा झाला आणि कारखान्यांनी शुद्धीकरण सुधारले, म्हणजे ते जमण्यासारखे होते. आपल्या ग्राहक संघटनांनी ‘सल्फेट हटवा’ म्हणण्याऐवजी असा ठोस आकडा मागावा, असे आम्हांला वाटते.

टूथपेस्टची गोष्ट थोडी वेगळी. तिथे लॉरिल सल्फेट साधारण अर्धा ते दोन टक्के असते. दात घासल्याघासल्या संत्रे खाल्ले तर ते कडवट लागते, याचे कारण हेच: जिभेची गोडाची जाण तो काही वेळ मंद करतो. तोंडाचे आतले अस्तर कातडीपेक्षा नाजूक. ओस्लोच्या दंतसंशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले, की वारंवार तोंड येणाऱ्या लोकांनी हा घटक नसलेली पेस्ट वापरली तेव्हा त्यांचे व्रण कमी झाले. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. एकत्र पाहता कौल काहीसा त्याच बाजूला झुकतो. ज्यांचे तोंड सतत येते त्यांनी अशी पेस्ट दोन महिने वापरून पाहावी, त्यात गमावण्यासारखे काही नाही. तोंड येण्यामागे लोहाची किंवा बी-१२ ची कमतरताही असू शकते, तीही तपासावी. इथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. पेस्टमधल्या फेसाची धास्ती घेणाऱ्या याच राज्यात असंख्य बायका आजही मशेरीने दात घासतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि धूरविरहित तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो याबद्दल विज्ञानाला तिळमात्र शंका नाही. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्राने १९९२ मध्येच बंदी घातली, पण चुलीवर भाजलेल्या मशेरीला कारखाना नसतो आणि परवानाही नसतो. तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर पेस्ट बदलत बसू नये, दवाखाना गाठावा.

‘सल्फेट-मुक्त’ या ठशाकडे पुन्हा येऊ, कारण त्याखाली बरेच काही झाकले जाते. सोडियम कोको सल्फेट असा घटक ‘नारळापासून’ म्हणून मिरवला जातो, पण त्यातला सर्वांत मोठा वाटा लॉरिल सल्फेटचाच असतो. ओलेफिन सल्फोनेट रासायनिक दृष्ट्या सल्फेट नाही, त्यामुळे ठसा खरा ठरतो. त्वचेला मात्र तो काही फारसा मवाळ नाही. कोकामिडोप्रोपिल बीटेन खरोखर सौम्य, बाळांच्या शाम्पूतला नेहमीचा घटक. तरीही त्याच्यातल्या अशुद्धींमुळे होणाऱ्या अॅलर्जीकडे लक्ष वेधण्यासाठी अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञ संघटनेने २००४ मध्ये त्याला ‘वर्षाचा अॅलर्जीकारक’ ठरवले. साखरेपासून बनणाऱ्या अल्किल ग्लुकोसाइडवर तीच वेळ २०१७ मध्ये आली. दाह आणि अॅलर्जी यांतला फरक इथे महत्त्वाचा. पुरेसे प्रमाण आणि पुरेसा वेळ मिळाला तर लॉरिल सल्फेट कोणालाही दाह करील. अॅलर्जी मोजक्यांनाच होते, पण एकदा जडली की अत्यल्प अंशही पुरतो.

नैसर्गिक ते निर्धोक, हेही तपासून घ्यावे. रिठ्याचा आणि शिकेकाईचा फेस सॅपोनिनचा असतो. सॅपोनिन हेही सर्फॅक्टंटच, निसर्गाने केलेले. रेशमी लुगडी आणि सोन्याचे दागिने आपल्या आज्या रिठ्यानेच धूत, आणि ते बरोबरच होते. पण रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर काय होते हे त्यांनाही ठाऊक होते, म्हणून न्हाऊ घालताना लेकरांना डोळे घट्ट मिटायला सांगत. सॅपोनिन तांबड्या रक्तपेशी फोडते आणि माशांना मारक असते. शिकेकाई वाईट, असे सुचवायचे नाही. ज्यांना ती मानवते त्यांनी खुशाल वापरावी. मात्र तिला शाम्पूहून वेगळा न्याय लावू नये.

घटकांची यादी वाचणाऱ्यालाही पुरते उत्तर मिळत नाही. लॉरेथ सल्फेटमध्ये बीटेन मिसळले, की दोघांचे मिळून मायसेल बनतात, कातडीत शिरू शकणारे सुटे रेणू कमी होतात आणि मिश्रण एकट्या घटकापेक्षा सौम्य होते. यादीत सल्फेट असलेला एक शाम्पू यादीत ते नसलेल्या दुसऱ्यापेक्षा मवाळ असू शकतो. शिवाय साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात, तर त्वचेचा पाचच्या आसपास. ‘सल्फेट नको’ म्हणून तोंड कडक साबणाने धुणाऱ्याने काहीच साधलेले नसते. ज्यांना इसब आहे, ज्यांची कातडी मुळातच कोरडी आहे, ज्यांच्या घरात तान्हे मूल आहे, त्यांनी सौम्य मिश्रणे निवडावीत, कोमट पाणी वापरावे, कमी वेळ लावावे आणि स्वच्छ धुवावे. बाकीच्यांनी टाळू कोरडी पडते का, खाज सुटते का, एवढे पाहिले तरी पुरे.

ही सगळी चर्चा फेस मिनिटभरात धुऊन टाकणाऱ्यांची आहे. ज्यांचे हात त्यात तासन्‌तास असतात त्यांच्याकडे पाहिले तर चित्र पालटते. सकाळी सहापासून चार-पाच घरची भांडी घासणाऱ्या बाईचे हात ओले होतात ते दुपारपर्यंत वाळत नाहीत. भांड्यांच्या साबणात आणि लिक्विडमध्ये बाजारात ज्याला अॅसिड स्लरी म्हणतात तिचे क्षार असतात, वर लॉरेथ सल्फेट, कुठे धुण्याचा सोडा. जर्मनीच्या कामगार सुरक्षेच्या नियमांत दिवसाला दोन तासांहून जास्त वेळ हात ओले राहत असतील तर त्याला ‘ओले काम’ असे वेगळे नाव आहे आणि मालकावर हातांच्या रक्षणाची जबाबदारी आहे. आपल्याकडच्या घरकामगार बाईचे दोन तास दुसऱ्या घरातच संपतात. बोटांच्या बेचक्या कुजतात, पेरांना चिरा पडतात, मिरची-मीठ लागले की जीव कळवळतो. ‘साबणाने हात खाल्ले’ असे त्या म्हणतात आणि खोबरेल लावून दुसऱ्या दिवशी कामाला जातात. केशकर्तनालयात दिवसभर ग्राहकांची डोकी धुणाऱ्या शिकाऊ पोरापोरींची, वॉर्डात दर थोड्या वेळाने हात धुणाऱ्या परिचारिकांची अवस्थाही अशीच. प्रयोगशाळेतली चोवीस तासांची पट्टी यांच्या हातांवर वर्षानुवर्षे बांधलेली असते. सल्फेटबद्दल ज्यांनी खरोखर बोलावे अशी ही माणसे, आणि त्यांना ‘सल्फेट-मुक्त’ची बाटली परवडत नाही.

बचत गटांचाही इथे विचार व्हावा. भांड्यांचे लिक्विड, हँडवॉश, फिनेल बनवण्याचे प्रशिक्षण गावोगावी दिले जाते. रसायनांच्या दुकानातून लॉरेथ सल्फेटची घट्ट पेस्ट आणायची, पाणी घालायचे, मीठ घालून दाटपणा आणायचा, रंग आणि वास घालायचा, की माल तयार. उद्योग चांगला आहे, घरात चार पैसे येतात. पण पेस्टमध्ये सत्तर टक्के सर्फॅक्टंट असतो. तो उघड्या हातांनी ढवळणे म्हणजे कातडीशी वैर. लॉरिल सल्फेटची कोरडी भुकटी तर नाकात-डोळ्यांत गेली की झोंबते, श्वसनमार्ग चिडवते. हातमोजे, तोंडाला मास्क, सामू तपासायचा कागद आणि योग्य परिरक्षक या चार गोष्टी प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला हव्यात. शाम्पू आणि हँडवॉश यांसारख्या गोष्टी प्रसाधनांत मोडतात, त्या विकायला परवाना लागतो, हेही त्या महिलांना वेळेवर सांगायला हवे. माल विकून झाल्यावर नोटीस आली, तर भुर्दंड त्यांनाच.

नदीवरच्या फेसाबद्दल थोडक्यात. आळंदीला इंद्रायणीवर वारंवार पांढरा फेस दाटतो, दिल्लीत यमुनेवरही, आणि दोष शाम्पूवर ढकलला जातो. १९५०च्या दशकात युरोप-अमेरिकेच्या नद्या अशाच फेसाळत. तेव्हाच्या अपमार्जकांची साखळी फाट्याफाट्यांची होती आणि ती जिवाणूंना मोडता येत नसे. जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, अमेरिकी उद्योग १९६५ मध्ये सरळ साखळीकडे वळला आणि फेस ओसरला. आजचे लॉरिल आणि लॉरेथ सल्फेट सरळ साखळीचे आहेत, प्राणवायू मिळाला तर जिवाणू ते काही दिवसांत मोडून टाकतात. प्राणवायू मिळतो तो सांडपाणी प्रक्रिया केंद्रात. पिंपरी-चिंचवड आणि वरच्या गावांतून न शुद्ध केलेले पाणी नदीत येत राहिले, तर वारकऱ्यांच्या पायांशी फेस येणारच, बाटलीवर काहीही छापा.

मागण्या मोजक्याच आहेत. २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. ते छापले जातात, पण इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत की चष्मा लावूनही वाचता येऊ नयेत. धुऊन टाकायच्या उत्पादनावर ‘लावून ठेवू नये, स्वच्छ धुवावे’ ही ओळ मराठीतही हवी. त्वचेवर मुक्काम करणाऱ्या मलमात लॉरिल सल्फेट असेल तर त्याची सूचना स्वतंत्र हवी, युरोपात आहे तशी. डायऑक्सेनची मर्यादा आकड्यात ठरावी आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने बाजारातले नमुने तपासून निकाल नावानिशी जाहीर करावेत.

आणि घरकामगारांसाठी या राज्यात २००८ चा कल्याण मंडळ कायदा आहे. नोंदणीच्या वेळी आत सुती अस्तर असलेले हातमोजे, व्हॅसलीनची डबी आणि ती कशी लावायची याचे चित्र असलेला कागद देणे मंडळाच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्याबरोबर वर्षातून एकदा हातांची तपासणी करणारे शिबिर ठेवावे, आणि ते मृगाच्या आधी घ्यावे. पावसाळ्यात हात वाळायला उसंतच मिळत नाही, आणि कुजलेल्या बेचक्यांत बुरशी धरते तीही त्याच दिवसांत.